न उतरलेला जिना

१

तिजोरी कोणी फोडली नव्हती. कुलपावर ओरखडा नव्हता, आकड्यांची चकती जागच्या जागी होती. आत निळ्या मखमलीचा तुकडा नीट घडी घालून ठेवलेला होता. त्यावर जे खिशातलं घड्याळ असायला हवं होतं, तेवढं मात्र नव्हतं.

घड्याळ शहराच्या संग्रहालयाचं. पिढ्यान्‌पिढ्या बंद पडलेलं. ते चालू करायचं काम घड्याळजींनी अंगावर घेतलं होतं आणि जवळजवळ पुरंही करत आणलं होतं. काल दुपारी ते दुकान बंद करून नेहमीप्रमाणे उपचाराला गेले, परत आले, तिजोरी उघडली आणि जमिनीवरच बसले.

हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात उभं राहून घड्याळजींचा जावई बाईंना सांगत होता. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. आयुष्यभर पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलेलं. त्यामुळे कोणी कितीही लांबण लावली तरी शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय.

जावयाचं म्हणणं सरळ होतं. तिजोरीचा आकडा सासऱ्यांशिवाय कोणालाच ठाऊक नाही. मग तो बाहेर गेला कसा? तर संमोहनातून. सासरे ज्या बाईकडे उपचाराला जातात, तिनं त्यांना गुंगीत घालून आकडा काढून घेतला, आणि बाहेर बसणाऱ्या स्वागतिकेनं सासऱ्यांच्या कोटातली दुकानाची चावी उचलून पुढचं काम उरकलं. स्वागतिका मधेच उठून बाहेर गेली होती, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आणि आकडा विचारला, हे कशावरून?" बाईंनी विचारलं.

"मी कानांनी ऐकलंय. दाराबाहेरच बसलो होतो. ती बाबांना एकेक पायरी करत जिन्यानं खाली नेत होती. शेवटच्या पायरीवर नेलं आणि म्हणाली, आता तिजोरीचा आकडा सांगा. मग बाहेर येऊन त्या पोरीच्या कानात कुजबुजली."

संग्रहालयाचे अधिकारी कोपऱ्यात उभे होते. भले गृहस्थ होते, पण तेही कोणाला तरी उत्तर देणं लागत होते. उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघतो, मग पोलिसांत नाव द्यावंच लागेल, असं त्यांनी सांगितलं. कोणाचं नाव, हे कोणी विचारलं नाही.

कारण ती उपचार करणारी बाईंची सख्खी भाची होती. पोलीस घरी येऊन नुसते परत गेले, तरी लोकांची गुपितं काढून घेणारी म्हणून ती ओळखली गेली असती. आणि एकदा तसं झालं की तिच्या खुर्चीत डोळे मिटून बसायला कोण येणार होतं?

२

बाई आधी घड्याळजींशी बोलल्या.

दुकान लहान, पण भिंत दिसायची नाही इतकी घड्याळं. सगळी टिकटिकत होती आणि सगळी एकच वेळ दाखवत होती. फक्त तिजोरीच्या समोरच्या भिंतीवरचं एक लाकडी घड्याळ बंद होतं. त्याच्या डोक्यावर धुळीचा थर होता. काचेच्या दाराच्या कडेवर मात्र बोटभर जागा पुसल्यासारखी स्वच्छ होती. बाईंना वर्गातल्या फळ्याचे कोपरे तपासायची सवय, म्हणून ते दिसलं, एवढंच.

"हे चालत नाही का?"

"चालेल. मी चालवत नाही," घड्याळजी म्हणाले. "मुलीच्या आईचं होतं ते. ती गेली तेव्हा थांबवलं, नंतर हात लावला नाही."

त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि पानासारखा थरथरत होता. चार वर्षांपूर्वी ते माडीच्या जिन्यावरून पडले. हाड जुळलं, पण थरथर मागे राहिली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. नस चांगली आहे, स्नायू चांगला आहे, भीती आहे, असं सांगितलं आणि त्यांनीच संमोहनोपचाराचं नाव सुचवलं. घड्याळजी टाळत होते. शेवटी मुलीनं हट्ट केला. जावयाची सिगारेट त्याच खुर्चीत सुटली होती, मग वडिलांची थरथर का नाही सुटणार, असं तिचं म्हणणं.

आणि सुटत होती. गेल्या महिन्यात त्यांनी केसाएवढा स्क्रू एका दमात बसवला होता. दुकान जावयाच्या हवाली करून घरी बसायचं ठरलं होतं, तो बेत त्यांनी मागे घेतला होता.

"आणि आज बघा," ते हात दाखवत म्हणाले. "परत सुरू. कालपासून वाटतंय, मीच कोणाला तरी आकडा सांगून बसलो. स्वतःच्या तोंडावर भरवसा राहिला नाही, तर हातावर कुठून राहणार?"

खुर्चीत बसल्यावर काय होतं, असं बाईंनी विचारलं. त्यावर ते म्हणाले, "ती सांगत जाते आणि मी उतरत जातो. हळूहळू, हळूहळू. अगदी तळाला गेलं की हात शांत होतो."

बाईंनी ते शब्द मनात परत म्हटले. उतरत जातो. म्हणजे जावयानं जिना ऐकला, तो खराच.

निघताना त्यांनी तिजोरी एकदा उघडून दाखवायला सांगितली. घड्याळजी चकतीसमोर बसले, मान वळवून क्षणभर मागच्या भिंतीकडे बघितलं, मग चकती फिरवली. दार उघडलं. मखमल तशीच रिकामी.

३

स्वागतिका विणकाम करत बसली होती, पण सुया हलत नव्हत्या. रडून डोळे सुजलेले.

हो, ती बाहेर गेली होती. रोजच जाते. आतलं दार लागलं की कोपऱ्यावरून थर्मासभर चहा आणते, उपचार संपला की माणसाला काहीतरी गरम लागतं. काल रांग होती म्हणून वेळ लागला. जाताना जावईसाहेब बाकावर बसलेले होते. आली तेव्हाही बाकावरच होते. एकामागून एक दोन पेले पाणी प्यायले. कोट खुंटीवर होता. दार जाड आहे, बाहेर काही ऐकू येत नाही, पण कान लावला तर येत असेलही, तिनं कधी लावला नाही.

"आतून कोणी बाहेर आलं होतं का? तुझ्या कानात काही सांगायला?"

"नाही हो. पण मी नाही म्हटलं तर कोण ऐकतंय? मी तर यात सामील."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मांडीवरचा हातमोजा पाच नाही, सहा बोटांचा होणार आहे असं दाखवून दिलं. पोरगी रडता रडता हसली.

आत भाची खिडकीशी उभी होती. ती मावशीची वाटच बघत होती आणि मावशीला टाळतही होती.

"तू त्यांना परत खुर्चीत बसव," बाई म्हणाल्या. "डोळे मिटायला लाव आणि विचार, घड्याळाचं काय झालं. सगळे तेच म्हणताहेत."

"नाही."

"स्वतःवर चोरीचा आळ असताना नाही म्हणतेस?"

"मावशी, संमोहनात माणूस विचारलेलं आठवायला जातो, आणि आठवलं नाही तर मन स्वतःच काहीतरी जुळवून देतं. ते त्याला खऱ्यासारखंच वाटतं. मी विचारलं आणि त्यांना 'आठवलं' की त्यांनीच घड्याळ नदीत टाकलं, तर? उरलेलं आयुष्य ते तेच खरं मानतील. मी सुटेन, पण त्यांचा हात कायमचा जाईल. ते मी करणार नाही."

"मग आत काय बोललात, ते तरी सांग. जिना होता का?"

"तेही माझं सांगायचं नाही. ज्यांचं आहे, त्यांना विचार."

लहानपणीही ही अशीच होती. पाटी फुटली तर फोडणाऱ्याचं नाव सांगायची नाही, स्वतः कोपऱ्यात उभी राहायची. बाईंना राग आला, आणि रागापेक्षा कितीतरी जास्त अभिमान वाटला.

"बरं," त्यांनी पर्स बाजूला ठेवली. "मग मला बसव. तू कोणाला काय करतेस ते मला कळल्याशिवाय मी कोणाशी काय भांडू?"

४

खुर्ची साधीच होती. पाय टेकायला एक चौरंग. लंबक नाही, लोलक नाही, अंधार नाही. बाईंना थोडी निराशाच वाटली.

भाचीनं आधी नुसत्या गप्पा मारल्या. काय हवंय? झोप लागत नाही, बाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. कशाची भीती वाटते? पाण्याची, उंचीची, बंद खोलीची? काय आवडतं? काम काय केलं? ती हे सगळं मन लावून ऐकत होती, शिंपी अंगाचं माप घेतो तसं.

"पुढे तुला मनातल्या मनात खोल न्यायचंय. बहुतेकांना मी जिना देते, एकेक पायरी उतरायला. तुला जिना चालेल?"

"जिना नको गं. माझे गुडघे मनातसुद्धा दुखतील."

"मग जिना नाही," भाची हसली. "जे माणसाला दुखवतं ते इथे आणायचं नाही. तुला शाळा देते."

मग तिनं भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघायला सांगितलं. श्वास सोडताना खांदे सैल. पापण्या जड वाटल्या तर मिटू दे, नाही वाटल्या तर राहू दे. आवाजात हुकूम नव्हता. आता शाळा सुटली आहे, वर्ग रिकामा आहे, तू एकेक खिडकी लावत चालली आहेस, आणि प्रत्येक खिडकीबरोबर बाहेरचा आवाज थोडा कमी होतोय.

बाईंना गंमत वाटली. त्यांना सगळं ऐकू येत होतं. बाहेर स्वागतिकेची खुर्ची करकरली, तेही. पण हात इतके जड झाले होते की उचलायचा कंटाळा यावा. त्या झोपल्या नव्हत्या. पुस्तकात रंगून गेल्यावर कोणी हाक मारली तर ऐकू येते, पण उठावंसं वाटत नाही, तसं काहीसं होतं.

झोपेबद्दल चार शांत वाक्यं बोलून झाल्यावर भाची त्याच सुरात म्हणाली, "मावशी, शाळेत मुलं तुला मागून काय नाव ठेवायची, ते सांग बरं."

बाईंना ते नाव ठाऊक होतं. चाळीस वर्षं त्यांनी ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"नाही सांगणार," त्या डोळे न उघडता, संथपणे म्हणाल्या.

"छान. आता खिडक्या उघडत परत ये."

बाईंनी डोळे उघडले. दोघीही हसत होत्या.

"बघितलंस? सांगायचं नाही ते कोणी सांगत नाही. मी दार उघडून देते, आत जायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. त्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला हे कळतं."

प्रत्येकाला. बाईंचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि चहा न घेताच मागच्या गल्लीतल्या दुकानाकडे निघाल्या. एक प्रश्न त्यांनी सकाळीच विचारायला हवा होता, तो राहून गेला होता.

५

घड्याळजी दुकान बंद करत होते. बाईंनी त्यांना परत आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तसं सावकाश विचारलं.

"तुम्ही म्हणालात, मी उतरत जातो. म्हणजे नेमकं काय उतरतं?"

"चावी," घड्याळजी म्हणाले, जणू दुसरं काय असणार.

"चावी?"

"घड्याळाची. पूर्ण चावी दिलेली स्प्रिंग कशी ताठ असते? तसा मी आत जाताना असतो. मग ती म्हणते, चावी उतरू दे, एकेक वळसा सैल होऊ दे. मला ते लगेच कळतं. आयुष्य त्यातच गेलं ना."

"जिना नाही?"

घड्याळजींचा हात जोरात थरथरला. "जिना? मी जिन्यावरून पडलो, म्हणून तर तिच्याकडे गेलो. पहिल्याच दिवशी तिनं विचारून घेतलं. तिच्या खोलीत जिन्याचं नावसुद्धा निघत नाही."

"आणि 'मी उतरत जातो' हे तुम्ही घरीही असंच बोललात?"

"जेवताना बोललो असेन. मुलगी विचारत असते."

आजूबाजूला सगळी घड्याळं एका तालात चालली होती. मग बाईंनी घड्याळजींना मुलीकडे आणि जावयाकडे निरोप धाडायला सांगितला. अधिकाऱ्यांना, भाचीला आणि स्वागतिकेला त्यांनी स्वतःच फोन केले. उद्या सकाळी सगळ्यांनी दुकानात यायचं.

"घड्याळ सापडेल?" घड्याळजींनी विचारलं.

"ते दुकानाबाहेर गेलेलंच नाही, असं मला वाटतं," बाई म्हणाल्या.

६

सकाळी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. बाईंनी बसायला नकार दिला. त्या चाळीस वर्षं उभ्या राहूनच बोलल्या होत्या.

त्यांनी जावयाला परवाची हकिकत परत सांगायला लावली. तो न अडखळता बोलला. बाक, दार, पायऱ्या, शेवटची पायरी, आकडा.

"जिना कसा होता, तेही तिनं सांगितलं असेल?"

"हो. दगडी. कडेला लाकडी कठडा. प्रत्येक पायरीवर शरीर जड होत जातं."

"छान लक्षात आहे," बाई म्हणाल्या. वर्गात मूल रचलेली थाप सांगू लागलं की त्या हेच म्हणायच्या, ते भाचीला आठवलं आणि तिनं मान खाली घातली. "फक्त तो जिना तुमच्या सासऱ्यांना कोणी दिलाच नाही. त्यांना घड्याळाची चावी दिली होती. ती उतरते. ते घरी उतरण्याबद्दल बोलले आणि तुम्हाला वाटलं, सगळ्यांना जिनाच उतरवतात. कारण सिगारेट सोडताना तुम्ही स्वतः जिना उतरला होतात."

जावयाच्या बायकोनं वळून त्याच्याकडे बघितलं. कठडा लाकडी होता, असं त्यानं तेव्हा तिलाही सांगितलं होतं.

"म्हणजे दाराबाहेर बसून तुम्ही काहीच ऐकलं नाहीत," बाई पुढे म्हणाल्या. "मग ऐकलं असं का सांगायचं? तर तुम्ही तिथे होतात, असं दाखवायला. ही पोरगी चहाला गेली की बाकावर तुम्ही एकटे, हे तुम्हाला दर खेपेला दिसत होतं. दुकान मागच्याच गल्लीत, त्याची दुसरी चावी घरी, तुमच्या हाताशी. तुम्ही पळत गेलात, पळत आलात आणि वर पाणी प्यायलात. दोन पेले."

"आणि आकडा?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "आकडा तर यांच्याशिवाय कोणालाच माहीत नाही."

"या दुकानात बंद घड्याळ घड्याळजींना बघवत नाही. तरी एक बंद आहे, आणि तिजोरी उघडायच्या आधी ते त्याच्याकडे बघतात. काल मला एकदा बघून कळलं. जावई रोज बघत होते."

घड्याळजींनी कपाळावर हात मारून घेतला. विसरायला होतं म्हणून त्यांनी बायकोच्या घड्याळाचे काटे आकड्यावर थांबवून ठेवले होते. पाहुण्यांसमोर ते डोळे पुसत त्याच्याकडे बघायचे आणि आपल्याला वाटायचं, आईची आठवण येतेय, असं त्यांची मुलगी पुटपुटली.

"दोन्ही व्हायचं," घड्याळजी म्हणाले.

मग बाई जावयाकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्हाला घड्याळ विकायचं नव्हतं. ते कोणीही ओळखलं असतं. तुम्हाला हात हवा होता, थरथरणारा. हात बरा झाला तर दुकान मिळत नव्हतं. म्हणून उपचार बंद पाडायचे, आणि करणारीलाच बदनाम करायचं. त्या खुर्चीत तुम्ही बसलेले आहात. तिथे मनातलं कोणी काढून घेत नाही, हे तुम्हाला या खोलीतल्या बहुतेकांपेक्षा चांगलं माहीत होतं."

जावई कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला, "चार वर्षं थांबलो. दर महिन्याला म्हणायचे, आता पुढच्या महिन्यात. मी बँकेची नोकरी सोडली यासाठी. मी चोर नाही. थोड्या दिवसांनी परत ठेवणारच होतो."

"ही पोरगी दोन दिवस रडतेय," बाई म्हणाल्या. "ते कुठे परत ठेवणार होतात?"

जावयानं बंद घड्याळाकडे हात केला. बाईंनी मान हलवली. धूळ पुसली गेलेली कड त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिली होती.

अधिकारी पुढे झाले, पण घड्याळजींनी त्यांना थांबवलं. "त्याची खिटी नाजूक आहे. माझ्याशिवाय कोणी उघडायची नाही."

ते उठले. हात पानासारखा हलत होता. भाची एक पाऊल पुढे आली, काही बोलणार होती, आणि थांबली. घड्याळजींनी डोळे मिटले. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर टेकवली, तिनं शिकवलेली खूण. घड्याळजींचे खांदे एकेका वळशानं सैल होत गेले.

त्यांनी डोळे उघडले आणि केसाएवढी खिटी एका दमात सरकवली.

लंबकाच्या मागे, रुमालात गुंडाळलेलं, संग्रहालयाचं घड्याळ होतं. त्यांनी ते कानाशी धरलं, मग अधिकाऱ्यांच्या हातात दिलं. एक काटा राहिलाय, तो उद्या बसवून देतो, म्हणाले. अधिकाऱ्यांनी घड्याळ परत त्यांच्याच हातात ठेवलं. पोलिसांचं काय, ते तुम्ही घरच्यांनी ठरवा, असं म्हणून ते निघाले. स्वागतिकेची त्यांनी दारातच माफी मागितली.

"जावईबापू," घड्याळजी म्हणाले, "दुकान तुला मी देईन म्हणालो होतो, ते खरं. ते मी टाळत राहिलो, तेही खरं. पण आता या दोघींपुढे तू काय बोलतोस, ते मला आधी ऐकायचंय. दुकानाचं त्यानंतर."

जावई भाचीकडे वळला. त्याला शब्द सापडायला वेळ लागला. बाईंनी तो वेळ त्याला दिला. शब्द सापडत नसलेल्या मुलाला घाई करायची नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घड्याळजी तोवर बायकोच्या घड्याळाचे काटे पुढे सरकवत होते. भिंतीवरच्या बाकीच्या घड्याळांशी ते जुळले, तेव्हा त्यांनी खणातून जुनी पितळी चावी काढली आणि ती द्यायला सुरुवात केली.

"आणि आकडा?" मुलीनं विचारलं. "आता कसा लक्षात राहणार?"

"नवा ठेवीन," ते म्हणाले. "आणि तो कुठे बघायचा, ते कोणाला सांगणार नाही. झोपेतसुद्धा नाही."

"झोप नसते ती," भाची आणि मावशी एकदमच म्हणाल्या.

लंबक हलला, थोडा अडखळला, आणि मग इतर सगळ्यांच्या तालात चालू लागला.